पेन्सिलीने दिलेले सतरा गुण

प्राध्यापकाच्या नोकरीत मी पुष्कळ मुलाखती घेतल्या. त्यांतली एक नेमणूक मी माझ्या हाताने मोडली. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता, वरून कुणाचा फोन नव्हता. तसं काही असतं तर आज निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं. मी ते आपणहून केलं आणि त्यासाठी मला जेमतेम पाच मिनिटं लागली.

बाहत्तरचा दुष्काळ सरून तेव्हा चारेक वर्षं झाली होती. मी सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि नुकताच विभागप्रमुख झालो होतो. विभाग म्हणजे मी आणि आणखी एकजण, पण दारावर पाटी लागली होती आणि येता-जाता मी ती वाचत असे. आमच्या संस्थेच्या विश्वस्तांत एक कापडाचे व्यापारी होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. घरी कन्नड, दुकानात मराठी, शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. खूळ हा तेव्हाचा माझा शब्द. गिरणीतल्या, मागावरच्या, बाजारात हमाली करणाऱ्या माणसांसाठी इतिहासाचा वर्ग काढायचा. संध्याकाळी भरेल, परीक्षा नाही, फी नाही. "राजांचा इतिहास पोरं शिकत्यातच की," ते म्हणाले, "ह्या मान्सांचा इतिहास ह्यांना कोन सांगनार?" आणि त्यासाठी साधा लेक्चरर त्यांना चालणार नव्हता, विद्यापीठात शिकवणारा मोठा माणूसच पाहिजे होता. प्राचार्यांनी 'लोकांचा इतिहास शिकवण्यासाठी प्राध्यापक पाहिजे' अशी जाहिरात दिली. असला विषय आम्हा कुणालाच माहीत नव्हता. मला तर तो विषयच वाटत नव्हता.

दोनच अर्ज धड आले. एक पुण्याकडचा, भारदस्त. दुसरा मूळचा सोलापूरचाच. मागावर काम करणाऱ्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, शिकून दूर एका विद्यापीठात लागलेला. त्याला गावी परत यायचं होतं. अर्जाच्या शेवटी त्याने साधं लिहिलं होतं, की वडिलांना दम्याचा त्रास आहे आणि ते इथे एकटे असतात.

आमच्याकडे उमेदवाराला समितीपुढे एक पाठ घ्यावा लागे. एरवी त्यासाठी बी.ए.ची दहा-बारा मुलं धरून आणत. अप्पा म्हणाले, "ज्यांना शिकवायचं त्यांच्याम्होरं शिकवू द्या." म्हणून सुट्टीचा दिवस ठरला, सभागृह उघडलं. पण सुट्टीच्या सकाळी कॉलेजात इतिहास ऐकायला कोण येतो? प्राचार्य घाबरे झाले. त्यांनी आदल्या दिवशी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या घरची, शेजारची चार माणसं आणायची. मी आमच्या शेजारच्या विणकराला सांगितलं, कॉलेजच्या शिपायाला सांगितलं. बायको म्हणाली, "आईंनाही न्या ना. डोळे दाखवायला आल्यात, आठ दिवस भिंतीकडे बघत बसल्यात." मी नेलं. गर्दी दिसावी म्हणून मी आईला नेलं.

आता आईबद्दल सांगायला हवं. आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. दुष्काळ पडला तेव्हा मी सोलापुरात नोकरीला लागलेला होतो, नवीन लग्न झालेलं होतं, एका खोलीत राहत होतो. आईला एकदा बोलावलं. ती म्हणाली, जनावरं कुणावर टाकून येऊ? मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. मग गावाकडून कळलं की सगळ्या बायांबरोबर तीही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते. मी गावी जाऊन तिच्याशी भांडलो. आई, नको जाऊस, मी म्हणालो, लोक काय म्हणतील. उन्हाचं, हाताचं, वयाचं एक अक्षर काढलं नाही. लोक काय म्हणतील, एवढंच. तिने ऐकलं नाही आणि मी सोलापुरात सगळ्यांना सांगून ठेवलं की आई करमाळ्याला मामाकडे गेली आहे. करमाळ्याला तरी कुठे पाणी होतं! पण विचारतो कोण?

तर त्या सकाळी सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली. पहिल्या रांगेत आमच्या समितीच्या खुर्च्या : प्राचार्य, अप्पा आणि मी. प्रत्येकाच्या हातात गुणांचा कागद आणि पेन्सिल. आमच्या संस्थेची ही रीत होती. आधी सगळ्यांनी पेन्सिलीने गुण लिहायचे, मग प्राचार्यांच्या खोलीत बसून 'चर्चा' करायची आणि चर्चेनंतर शाईने गिरवायचे. कागदोपत्री कुणाचं कुणाशी कधी वाकडं दिसत नसे. मला ही रीत फार सभ्य वाटायची.

पुण्याकडच्या गृहस्थांनी मराठेशाहीच्या कारभारावर पाऊण तास भाषण केलं. वाणी शुद्ध, आवाज खणखणीत. दहाव्या मिनिटाला हमालांची रांग झोपली. मी त्यांना तेरा दिले.

मग दुसरा आला. तो व्यासपीठावर चढलाच नाही, त्याच्या काठावर टेकला. अंगात साधा बुशशर्ट. त्याने विचारलं, "बाहत्तर साली आपन कोन कोन कुटं व्हतो?"

मागून एकजण म्हणाला, "साहेब, त्ये कसला इतिहास? त्ये तर परवाचंच हाय की."

"परवाचं हाय म्हनून तर तुमाला ठावं हाय," तो म्हणाला. "आनखी पन्नास वर्सांनी कुनाला इचारायचं?"

एक हमाल उठला आणि म्हणाला, धान्याच्या गाड्या उतरवायला मिळायच्या, पण त्यातलं मूठभरही घरी नेता यायचं नाही. आमचा शेजारी विणकर उठला. सूत नव्हतं, तीन महिने माग बंद होता, मागावर कोळ्यानं जाळं केलं होतं, असं तो सांगू लागला. हा माणूस पाच वर्षं माझ्या भिंतीपलीकडे राहत होता आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उमेदवार सगळं फळ्यावर लिहीत होता. कोण, कुठे, काय काम, काय खाल्लं. लिहून झाल्यावर म्हणाला, आता सरकारी कागदात त्या वर्षाचं काय लिहिलंय ते सांगतो. आणि त्याने एकेका रकान्यासमोर सरकारी नोंदीतलं वाक्य लिहिलं. कागद एक बोलत होता आणि माणसं दुसरंच. झोपलेली रांग पुढे सरकून बसली होती. मी अठरा वर्षं इतिहासाची पुस्तकं वाचत होतो, पण असं काही मी पाहिलं नव्हतं. मी पेन्सिलीने सतरा लिहिले, वीसपैकी. माझ्या आयुष्यात मी कुणाला सतरा दिले नव्हते.

तेवढ्यात मागून बायकांच्या बाजूने आवाज आला. मी वळलो नाही. आवाज ओळखीचा होता.

"आमी मोहोळच्या रस्त्याला व्हतो," आई म्हणाली. "खडी फोडायला."

"सांगा की मावशी," तो म्हणाला. "कशी फोडायची खडी?"

आणि आई सांगू लागली. घरात दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारी माझी आई. सकाळची हजेरी. दगड पायात धरायचा. हातोडा बोटावर बसतो म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बोटांना गुंडाळायचं. ढीग लाकडी खोक्यानं मोजायचा, त्यात मुकादम खोकं हलवून हलवून भरायचा म्हणजे जास्त मावतं. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. "ग्वाड लागायची तवा," ती म्हणाली, "आता कुनी फुडं ठिवली तर घशाखाली न्हाय उतरायची." माणसं हसली, तसं तिला आणखी बळ आलं.

"घरचं कोन व्हतं संगट?" त्याने विचारलं.

"कुनी न्हाय. मालक आदीच ग्येलं. लेक हितंच, ह्याच कालेजात परफेसर हाय. त्यो बगा की, म्होरं बसलाय."

साठ-सत्तर माणसं माझ्या मानेकडे बघत होती. कुणीतरी चुकचुकलं. प्राचार्यांनी हळूच चष्मा पुसायला घेतला. आईने ते अभिमानाने सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ती मला दाखवत होती, लोकांना माझी ओळख करून देत होती. पण करमाळ्याच्या मामाची गोष्ट त्या सभागृहातल्या निदान सहाजणांना मी तोंडाने सांगितलेली होती.

उमेदवार मात्र माझ्याकडे वळला नाही. त्याने चटकन पाठ फिरवली आणि फळ्यावर लिहिलं – रबर, बोटं, खोकं, सुकडी. 'लेक' लिहिलं नाही. त्याने मला वाचवलं. परक्या माणसाने माझ्यावर केलेली ती दया मला सहन झाली नाही. मी खोडरबर घेतलं, सतरा पुसले आणि आठ लिहिले.

मुलाखत प्राचार्यांच्या खोलीत झाली. त्याने सांगितलं, की या गावातली म्हातारी माणसं आज बोलू शकतात, त्यांचं ऐकून, लिहून घ्यायचं आणि त्यांनाच परत वाचून दाखवायचं, असा वर्ग चालवीन. वडिलांबद्दल विचारल्यावर म्हणाला, "दम लागतो त्येंना. रातभर बसून ऱ्हात्यात. मी हितं असलो तर बरं हुईल." बोलता बोलता तो त्याच्या सोलापुरी बोलीत घसरत होता, किंवा त्याला त्यात घसरणं वाटतच नव्हतं. मी माझ्या तोंडातलं हाय आणि न्हाय काढून टाकायला कॉलेजची चार वर्षं घालवली होती. आरशापुढे उभं राहून 'आहे, नाही' म्हणायचो. आणि हा माणूस विद्यापीठात पोचून ते खुशाल तोंडात घेऊन परत आला होता.

मी विचारलं, "तुम्ही वर्गातही असंच बोलणार का?"

प्राचार्य हसले. मीही हसलो.

"सर," तो म्हणाला, "पुस्तकी बोलता येतं मला. पण ज्यांच्याशी बोलायचं ती मानसं अशीच बोलत्यात की. मघा मावशी बोलल्या तशी."

तो गेल्यावर चर्चा सुरू झाली. अप्पांच्या कागदावर पेन्सिलीचे एकोणीस होते. "मला तर हाच पायजे," ते म्हणाले. "लई वर्सांत असं काय ऐकलं न्हाय. माज्या डोळ्याला पानी आलं." प्राचार्यांनी सोळा दिले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विषयाचा माणूस मी होतो.

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. पण पाठ त्याने घेतलाच नाही, लोकांनीच घेतला. आणि भाषा? अप्पा, आपण लोकांना वर आणण्यासाठी वर्ग काढतोय. तिथे प्राध्यापकानेच हाय-न्हाय करायचं? गावात हसू होईल आपलं."

अप्पांचं तोंड मला आजही दिसतं. चौथी शिकलेला तो माणूस, स्वतःच्या संस्थेत, स्वतः काढलेल्या वर्गाबद्दल बोलत होता आणि एका वाक्यात मी त्याला सांगितलं होतं की तुम्ही बोलता ती हसण्याची गोष्ट आहे. त्यांनी खोडरबर मागून घेतलं, एकोणीस पुसले. "तुमी शिकलेली मानसं," ते म्हणाले, "तुमाला कळतंय." आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, तुम्हीच लिहा काय ते. मी त्यांच्या वतीने दहा लिहिले. प्राचार्यांनीही सोळाचे अकरा केले. शेऱ्याच्या जागी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'भाषा अशुद्ध.' मग आम्ही सगळ्यांनी शाईने गिरवलं.

पुण्याकडचे गृहस्थ रुजू झाले, दोन सत्रं राहिले, गेले. तोवर वर्गाला येणारी माणसं चारवर आली होती. पुढे त्या खोलीत टेबल टेनिस आलं.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "लागलं का त्ये मास्तर? लई ग्वाड मानूस."

"त्यांनीच नको म्हटलं," मी सांगितलं. "त्यांना मोठ्या गावात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना तो आमच्या घरी येऊन गेला. निकाल त्याला कळलेला होता. त्याला गाडी गाठायची होती, तरी आईपाशी दोन तास बसून वहीत लिहून घेतलं. हे मला बायकोने सांगितलं. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? ती म्हणाली, "नाही. आईंनी विचारलं, इथे का नको, तर म्हणाला, जमलं नाही. चहा घेतला, आईंच्या पाया पडला आणि गेला." बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पाच-सहा महिन्यांनी आईच्या नावाने, माझ्या पत्त्यावर, एक जाड पाकीट आलं. तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. पट्टी नसती तरी तिला वाचता येत नव्हतं. आत त्याच्या हातचे अकरा कागद आणि वर छोटी चिठ्ठी. मावशींना वाचून दाखवण्याचं कबूल केलं होतं, पण वडील गेल्या महिन्यात वारले, मला वेळेवर पोचता आलं नाही, आता सोलापूरला येणं होणार नाही, तरी आपण वाचून दाखवावं ही विनंती. मला उद्देशून 'आदरणीय सर' असं लिहिलं होतं. चिठ्ठी पूर्ण शुद्ध भाषेत होती.

मी चिठ्ठी आईला वाचून दाखवली नाही. कागद वाचायला घेतले. "आम्ही सकाळी लवकर उठून कामावर जात होतो," मी वाचलं.

आई म्हणाली, "आसं म्या कुटं बोलले? त्येनं आसं लिवलंय?"

त्याने तसं लिहिलं नव्हतं. त्याने तिचा शब्दन् शब्द जसाच्या तसा ठेवला होता. वाचता वाचता मीच तो धुऊन काढत होतो, आपोआप, सवयीने.

"म्या बोलले तसं वाच की," ती म्हणाली.

मग मी तसं वाचलं. पंधरा वर्षांनी माझ्या तोंडून व्हय आणि न्हाय निघालं. आई मान हलवत ऐकत होती, मधेच हसत होती. आठव्या कागदावर आलो तेव्हा लिहिलं होतं : 'येकदा माजा लेक येष्टीतनं जाताना दिसला. खिडकीपाशी बसला व्हता. त्येनं बी मला बगितलं. म्या पदर तोंडावर वढला. त्येच्यासंगट कालेजातली मानसं आसतील, त्येला लाज वाटंल, म्हनून.'

मी हे सलग वाचून टाकलं. थांबलो असतो तर पुढे वाचता आलं नसतं. त्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर कुणीही नव्हतं. रस्त्याचं काम चालू म्हणून गाडी हळू चालली होती, आई हातभर अंतरावर होती, केसांत धूळ, बोटांना काळं रबर. उतरायचं तर कंडक्टरला एक शब्द टाकायचा होता. मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो. तिने पदर ओढला तेव्हा मला हायसं वाटलं. हे कागद येईपर्यंत मी स्वतःला सांगत आलो होतो, की ती दुसरीच कुणी बाई असेल. तिने ते मला ऐकवायचं म्हणून लिहून घ्यायला लावलं होतं, की सांगून विसरून गेली होती, मला कळलं नाही. पट्टीमुळे डोळे दिसत नव्हते आणि विचारण्याची माझी छाती झाली नाही.

उरलेले तीन कागद माझ्या कौतुकाचे होते. लेक कसा शिकला, डोळ्यांसाठी कसं बोलावलं, सून किती चांगली. ते मी वाचले नाहीत. "संपलं," म्हणालो.

"ब्येस लिवलंय," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आसा मानूस तुमच्या कालेजात पायजे व्हता बग. तू त्येला कागद घाल. म्हनावं, मोटं गाव सोड आन् हिकडं ये. तुजं आयकतील तितं समदी."

"घालतो," मी म्हणालो.

मी कागद घातला नाही. काय लिहिणार होतो? आईला सांगितलं, घातला. त्यानंतर ती सात वर्षं जगली. सोलापूरला आली की पहिल्या-दुसऱ्या दिवशी विचारायचीच, मास्तरचं उत्तर आलं का रं? मी म्हणायचो, नाही आलं. तिला त्याचा कधी राग आला नाही. "कामात आसंल बिचारा," ती म्हणायची, "तू आनखी येकदा लिव."